आमच्या मेंढपाळाची खिडकी वाचवणाऱ्या ताईंना

ताई, सलाम.

पंचकमिटीचं आभाराचं पत्र तुम्हाला रीतसर मिळालंच असेल. हे मी वेगळं आणि उघड लिहितोय. तुम्ही आमच्या देवळात केलेलं काम सातारा जिल्ह्यातल्या इतर जुन्या चर्चच्या मंडळ्यांनाही कळावं, अशी माझी फार इच्छा आहे.

आधी आभार आम्हाला अडवल्याबद्दल. वेदीमागची उत्तम मेंढपाळाची, म्हणजे कोकरू घेतलेल्या येशूची, रंगीत काचेची खिडकी मधोमध फुगली होती आणि पावसाळ्यात तिच्यातून पाणी ओघळायचं. एका ठेकेदाराने सगळी काच उतरवून छापील काच बसवून देतो म्हणून सांगितलं होतं, आणि भावही परवडणारा होता. तुम्ही टॉर्च तिरपी धरून बराच वेळ खिडकी पाहिलीत आणि म्हणालात, "काचा चांगल्या आहेत. थकलंय ते शिसं."

महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्याकडे त्याहून कमी, पण वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि नेमका पश्चिमेच्या भिंतीवर आदळतो. काचा धरून ठेवणाऱ्या शिशाच्या पट्ट्या उन्हाने ताणतात, गारठ्याने आक्रसतात, आणि वर्षानुवर्षं हेच चाललं की कमकुवत होऊन वाकतात. आत भरलेली खडूच्या भुकटीची आणि जवसाच्या तेलाची लांबी (पुट्टी) सुकून झडते, मग पाण्याला वाट मिळते. हे सगळं तुम्ही आम्हाला खिडकीसमोर उभं करून, बोट ठेवून दाखवलंत.

खरं दुखणं मात्र आडव्या लोखंडी गजांत निघालं. लोखंड गंजलं की कितीतरी पट फुगतं. दगडात रुतलेली गजांची टोकं अशीच फुगून चौकटीचा दगड फोडत होती, आणि आम्ही तो तडा पायाचा समजत होतो! तुम्ही गज फेकून दिले नाहीत. फक्त कुजलेली टोकं कापून तिथे स्टेनलेस स्टीलची जोडलीत, आणि तांब्याच्या तारांनी खिडकी पुन्हा त्याच जुन्या गजांना बांधलीत. नवी छापील काच बसवली असती तरी दगड फुटतच राहिला असता.

काच उतरवण्याआधी तुम्ही प्रत्येक तुकड्याचा फोटो घेतलात, कागद ठेवून शिशाच्या रेषांचा ठसा उमटवलात, नंबर घातलेत. खिडकीचे भाग नेताना उभेच धरायला लावलेत. आमची तरुण मुलं मदतीला होती, त्यांना हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय शिशाला हात लावू दिला नाहीत, आणि लहान मुलांना तर दाराच्या आतही येऊ दिलं नाहीत. त्यांच्या आयांनी तुमचे वेगळे आभार सांगितलेत.

मेंढपाळाच्या चेहऱ्याबद्दल मात्र सावकाश लिहायला हवं. डोळ्यांच्या आणि दाढीच्या रेषा जवळजवळ पुसल्या होत्या. पूर्वी कधीतरी कुणीतरी घासून साफसफाई केली असणार, आणि तो रंग भट्टीत नीट भाजलाच गेला नसावा, असं तुम्ही म्हणालात. चेहरा पुन्हा रंगवून घ्यावा असं आमच्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. तुम्ही मूळ काचेवर एक रेषही ओढली नाहीत. मागे एक पातळ काच बसवलीत आणि पुसलेल्या रेषा तिच्यावर काढून भाजून घेतल्यात. उद्या कुणाला याहून चांगला उपाय सापडला, तर ती काच काढता येईल आणि जुनी जशी होती तशीच राहील. यापेक्षा मोठा आदर त्या अनामिक कारागिराला कुणी दिला नसता, असं मी मानतो. साफसफाईसुद्धा कापसाच्या बोळ्याने, शुद्ध पाण्याने, आणि तीही रंग घट्ट आहे याची खात्री करूनच. डोक्यामागच्या वलयाचा पिवळा रंग वरून दिलेला नाही, चांदीचा क्षार लावून भाजल्यावर तो काचेतच उतरतो, हे ऐकल्यापासून संडे स्कूलची मुलं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते सांगतात.

त्या मुलांना तुम्ही कुलाब्याच्या अफगाण चर्चमधल्या, विल्यम वेल्स या इंग्रज काच-कारागिराच्या खिडक्यांचे आणि राजाबाई टॉवरच्या काचांचे फोटो दाखवलेत. आमची खिडकी त्यांच्यापुढे लहान आहे. पण आमच्या मंडळीत माणदेशातून आलेल्या एक आजी आहेत, त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. काम झाल्यानंतरच्या पहिल्या उपासनेला त्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कोकरू बरोबर धरलंय त्यानं. पाय दुमडून." ही वाक्यं तुमच्यापर्यंत पोचवायची होती.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे पावसाळ्याआधी पन्हळी साफ केल्या. खिडकीवर ॲसिड किंवा काच पुसायचं द्रावण वापरायचं नाही, असा ठराव वहीत लिहिला आहे. बाहेरून जाळी बसवताना हवा खेळायला फट ठेवली आहे. दक्षिणेकडच्या छोट्या खिडकीसाठी कापणीच्या सणाची वर्गणी बाजूला काढली आहे, आणि नाताळच्या आत गजांचं काम तरी व्हावं असं सगळ्यांचं मत पडलं. दिवाळीनंतरची तुमच्या सोयीची तारीख कळवा. राहण्याची व्यवस्था पाळकसाहेबांच्या घरीच केली आहे.

प्रभूमध्ये तुमचा,
मंडळीचा चिटणीस