बाबांच्या पंचाहत्तरीचे पैसे

भामरागड

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, आधी सांगून टाकते, मग हवं तेवढं रागवा. तुमच्या पंचाहत्तरीसाठी साठवलेले ६० हजार मी इथल्या दवाखान्याच्या रोजच्या खर्चाला दिले. हॉलवाल्यांनाही नको म्हणून कळवलं. पावती सोबत आहे.

न विचारता केलं, हे चुकलंच. तुम्ही लगेच ‘दे’ म्हणाला असतात, पण आईनं मनातलं मनातच ठेवलं असतं. आई, तुझी साडी मी घेणारच आहे. तुमची औषधं, मावशींचा पगार, गीझर, यातल्या एकाही रुपयाला हात लावलेला नाही. आत्याशी बोलले आहे. ती काही म्हणालीच तर कोल्हापूरच्या वेळेसारखं मनाला लावून घेऊ नका.

मागच्या महिन्यात रात्री एका मुलाला खाटेवर घालून आणलं. धानाच्या बांधीत घोणस चावली होती. अशा वेळी थोडं रक्त काचेच्या नळीत घ्यायचं आणि नळी २० मिनिटं अजिबात हलवायची नाही. नळी कोरी, कोरडी लागते. साबणानं धुतलेली असली तर तपासणी चुकते. खोक्यात शेवटच्या दोन उरल्या होत्या. त्याचा बाप नळीकडे एकटक बघत बसला होता. वेळ झाली, मी नळी तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं ओघळलं. गोठलं नव्हतं, म्हणजे विष भिनलं होतं. लगेच इंजेक्शनं सुरू केली. पोरगा वाचला, बाबा. पण मला अजून त्या खोक्याचीच स्वप्नं पडतात.

यंत्र द्यायला लोक पुढे येतात. साखर तपासायची तीन यंत्रं आहेत, पट्ट्या संपल्या की ती कपाटात. कापूस, हातमोजे, सलाइनचे सेट, जनरेटरचं डिझेल, बाळंतिणीसोबत आलेल्यांचे डाळ-तांदूळ, यासाठी पैसे मागायला डॉक्टरांनाच संकोच वाटतो. त्यात इथल्या पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी, रस्ता बंद. पावसाआधीच सगळं भरून ठेवावं लागतं आणि नेमका तेव्हाच हात रिकामा असतो.

तुम्ही मला तापात सायकलच्या दांडीवर बसवून दवाखान्यात न्यायचात, आठवतं? घरून धुतलेली बाटली, कंपाउंडरनं भरलेलं लाल औषध, त्यावर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी. परत येताना मी तुमच्या शर्टाला नाक लावून बसायची. तो वास आला की अर्धं बरं वाटायचं.

हॉलमध्ये सगळे भेटले असते, तुम्हाला ते आवडलं असतं, मला माहीत आहे. म्हणून वाढदिवसाला मी चार दिवस येतेय. काकांना, जोशीकाकूंना घरीच बोलवू.

तोवर ऐका. बाबा, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही. बाथरूमबाहेरचं घसरणारं पायपुसणं आजच्या आज काढा. आई, बीपीची गोळी उपवासालाही घ्यायची. दर रविवारी बीपी मोजून वहीत लिही आणि मला फोटो पाठव. पुरण वाटायला बसू नकोस, मी आल्यावर वाटेन.

आणि तुझ्या जुन्या, मऊ झालेल्या सुती साड्या धुऊन बाजूला ठेव. इथे बाळांना गुंडाळायला लागतात. ती हिरवी मात्र नको, ती माझी आहे.

तुमची,
छकुली