क्वीन्स पार्क ओव्हल ‘आतून’ दाखवण्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पुणे कार्यालय

विषय: मार्च २०२४ च्या त्रिनिदाद सहलीत (७ रात्री) छापील कार्यक्रमाप्रमाणे स्थलदर्शन न झाल्याबद्दल तक्रार आणि अंशतः परतावा मिळणेबाबत.

महोदय,

मी, माझी पत्नी, मुलगी आणि वडील असे आम्ही चौघे वरील सहलीला आलो होतो. चौघांचे मिळून ११ लाख ४० हजार रुपये आम्ही मुदतीच्या आधी भरले. परत आल्यापासून तुमच्या कार्यालयात तीनदा फोन झाले. दर वेळी फोनवर माणूस नवा, पण “सर, मी समजू शकते” हे वाक्य तेच. म्हणून आता लेखी कळवतो आहे.

निळं पाणी आणि पांढरी वाळूच हवी असती तर तुमच्या यादीत बार्बाडोस होतं, सेंट लुसिया होतं. आम्ही त्रिनिदाद निवडलं ते माहितीपत्रकातल्या एका ओळीसाठी: ‘दिवस तिसरा – क्वीन्स पार्क ओव्हल स्टेडियम (आतून)’. ‘आतून’, ‘बाहेरून’ आणि ‘बसमधून’ या तीन शब्दांचा नेमका अर्थ तुम्ही स्वतःच पहिल्या पानावर चौकटीत छापला आहे. बुकिंगच्या वेळी मी काउंटरवर त्या शब्दावर बोट ठेवून विचारलं होतं. “आतून म्हणजे आतूनच,” असं उत्तर मिळालं होतं.

ही ओळ का महत्त्वाची, तेही सांगतो. १९७१ साली माझे वडील साताऱ्यात अकरावी मॅट्रिकला होते. त्या मार्चमध्ये, ऐन अभ्यासाच्या दिवसांत, वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं, ते याच मैदानावर. सरदेसाईंचे ११२, पहिलीच कसोटी खेळणाऱ्या गावसकरांचे ६५ आणि नाबाद ६७. एप्रिलमध्ये गावसकरांनी इथंच एका सामन्यात १२४ आणि २२० काढले. वडिलांना हे आकडे झोपेत विचारले तरी सांगता येतात. तरीही पेपरातली कात्रणं चिकटवलेली त्यांची शंभर पानी वही ते बरोबर घेऊन आले होते. डिंक वाळल्यामुळे कात्रणं सुटायला लागली आहेत, म्हणून वही प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवीला दोन रबरबँड. विमानात ती पिशवी त्यांनी वरच्या कप्प्यात ठेवू दिली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आपली बस ट्रॅगरेट रोडवर थांबली. फाटक बंद. पहारेकऱ्यानं सभ्यपणे सांगितलं की मैदान क्लबच्या मालकीचं आहे, आत जायला आधी परवानगी घ्यावी लागते आणि अशा कुठल्या गटाची नोंद त्याच्याकडे नाही. मी शेजारीच उभा होतो. त्यानंतर तुमच्या टूर मॅनेजरनं बसमध्ये येऊन माइकवर जाहीर केलं, “आज स्टेडियमला सुट्टी आहे, मंडळी.” वडिलांना म्हणाला, “काका, बाहेरून फोटो भारी येतो.” वडील फाटकाच्या गजांतून आत बघत राहिले. मागच्या डोंगरांची रांग तेवढी दिसत होती. वही त्यांनी पिशवीतून काढलीच नाही. सात मिनिटांनी बस निघाली.

“परवानगी मिळणं आमच्या हातात नसतं,” असं मला फोनवर सांगण्यात आलं. मान्य. पण मागणं तर हातात होतं? ती मागितली होती का, कधी, कुणाकडे, एवढंच मला लेखी हवं आहे.

ओव्हलमध्ये वाचलेला वेळ आणि दुपार मिळून आम्ही एका मॉलमध्ये घालवली. सव्वाचारपर्यंत! अठरा जणांपैकी दोघांनी चपला घेतल्या. त्याच संध्याकाळी टूर मॅनेजर कॅरोनीच्या दलदलीत बोटीतून लाल शराटी पक्षी दाखवणार होता. हे पक्षी सूर्यास्ताच्या सुमारास थव्यांनी बेटावरच्या झाडांवर उतरतात आणि झाडंच लाल दिसू लागतात, म्हणून संध्याकाळच्या बोटी चारच्या आसपास सुटतात. हे माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला माहीत होतं, पिल्लं लाल नसतात हेही तिला माहीत होतं. तुमच्या माणसाला बोटीची वेळ माहीत नव्हती. हायवेच्या गर्दीतून आम्ही पाच वाजून गेल्यावर पोहोचलो. काठावरून मुलीनं लांबून उडताना नऊ पक्षी मोजले.

सगळंच वाईट होतं असं नाही. ला ब्रेआचा डांबराचा तलाव अप्रतिम झाला. तिथल्या स्थानिक गाइडनं काडीनं डांबर ओढून दाखवलं, चिक्कीच्या पाकासारखी तार निघाली. चालक तर सोन्यासारखा माणूस. डब्यातला तुमचा गार उपमा बघून त्यानं रस्त्याकडेला बस थांबवली आणि सगळ्यांना डबल्स खाऊ घातले: हळदीचे दोन मऊ बारे (तळलेल्या पुऱ्या), त्यात चणे आणि वर चिंचेची चटणी. त्याच्या पगारात वाढ होणार असेल तर माझं हे पत्र जरूर वापरा.

वॉटरलूच्या समुद्रातल्या मंदिराला मात्र वीस मिनिटं. सेवदास साधू या मजुरानं ऊसमळ्याच्या जागेवर बांधलेलं देऊळ कंपनीनं पाडलं, त्याला तुरुंगातही जावं लागलं. मग त्यानं सायकलवरून दगड वाहून समुद्रातच भर घातली. ही गोष्ट आम्हाला चालकानं सांगितली. टूर मॅनेजर तेव्हा बसमध्ये अभिप्रायाचे फॉर्म वाटत होता.

त्या फॉर्मबद्दलही सांगतो, कारण फोनवर मला त्याचाच दाखला दिला गेला. वडिलांनी ‘उत्तम’ लिहिलं हे खरं आहे. “पोराची नोकरी जाईल,” म्हणून लिहिलं. फॉर्म पाचव्या दिवशी, मॅनेजर डोक्याशी उभा असताना भरून घेतला होता.

पुढच्या सहलीवर माणशी पाच हजारांचं कूपन मला नको. न झालेल्या दोन स्थळांपोटी चौघांचे मिळून १ लाख २० हजार रुपये परत करावेत आणि परवानगीबद्दलच्या वरील प्रश्नाचं लेखी उत्तर द्यावं. माहितीपत्रकाचं ते पान, पावत्या आणि फाटकाचा वेळेसह फोटो सोबत जोडला आहे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटीबद्दल पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

उत्तर वडिलांच्या नावे पाठवलंत तरी चालेल. पावती त्यांच्याच नावाची आहे.

आपला,
(सही)
कोथरूड, पुणे