डावं-उजवं कळणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

समोर आभार मानायला लागलं की तुम्ही हवेची दिशा कुठली आहे ते विचारता. म्हणून हे पत्र, तेही उघड. आता विषय बदलायची सोय नाही.

त्या दिवशी मी रायफल जवळजवळ ठरवूनच नेमबाजीच्या रेंजवर आलो होतो. विकणाऱ्याचं म्हणणं होतं, "मॅच रायफलीत कसलं आलंय डावं-उजवं? गालपट्टी फिरवली, ग्रिप बदलली, की झाली डावखुऱ्याची." मला ते पटलंही होतं. जन्मभर उजव्यांच्या कात्रीने कापड कापलेल्या माणसाला असलं काहीही पटतं. तुम्ही रॉड घालून नळी साफ करत होतात. मान वर न करता विचारलंत, "डोळा कुठला?"

"मी डावखुरा आहे."

"हात नाही विचारला."

मग हात लांब करून दोन्ही तळवे जुळवायला लावलेत, मधे अंगठ्यांच्या वर जेमतेम नाणं मावेल एवढी फट. त्या फटीतून लेनचा आकडा बघायचा आणि एकेक डोळा मिटायचा. उजवा मिटला तर आकडा जागच्या जागी. डावा मिटला तर आकडा तळव्याआड गडप. "डावाच," तुम्ही म्हणालात, "सुटलास." शेजारच्या लेनवरच्या मुलाचा हात उजवा आणि डोळा डावा, त्याची कसरत मी रोज बघायचो, पण ते कशामुळे हे तेव्हा कळलं. माझा डोळा उजवा निघाला असता तर तुम्ही मला आधी उजव्या खांद्यावरच रायफल लावून बघायला सांगणार होतात. हात शिकवता येतो, डोळा शिकवायला फार वेळ जातो, हे तुमचं म्हणणं मी त्यानंतर चारजणांना ऐकवलंय. स्वतःचं म्हणून.

पण आभार खरे मानायचेत ते खडूचे.

क्लबची उजवी पॉइंट बावीस रायफल तुम्ही मला दिलीत. बोल्ट, म्हणजे गोळी भरायला मागेपुढे सरकणारा तुकडा, उघडा, चेंबरमध्ये रायफल रिकामी असल्याची खूण म्हणून सेफ्टी फ्लॅग, हे आधी स्वतः बघितलंत आणि मला प्रोनला, म्हणजे पालथं, झोपवलंत. स्लिंग, म्हणजे रायफल धरून ठेवणारा पट्टा, उजव्या दंडाला. मी नीट टेकतो न टेकतो तोच तुम्ही वाकून मॅटवर माझ्या दोन्ही कोपरांभोवती खडूने गोल काढलेत, अगदी लहान मुलाच्या पावलाचं माप घेतात तसे. म्हणालात, "दहा गोळ्या मार. घाई नको. कोपराकडे बघू नको."

उजवा हात स्लिंगमध्ये जखडलेला, रायफलीच्या खाली. तो सोडला तर सगळीच मांडणी गेली. बोल्टचा दांडा उजवीकडे. म्हणजे ग्रिपवरचा डावा हात काढायचा, रायफलीवरून पलीकडे न्यायचा, दांडा उचलून मागे ओढायचा, गोळी भरायची, बोल्ट बंद करायचा आणि पुन्हा ग्रिपवर यायचं. एवढ्यात डावं कोपर मॅटवरून उठतं, खांदा सरकतो, खांद्यातला दस्ता केसभर हलतो आणि गाल नव्या जागी टेकतो. आपल्याला वाटतं, आपण होतो तिथेच आहोत. दहाव्या गोळीनंतर तुम्ही म्हणालात, "आता बघ." उजवं कोपर गोलात होतं. डावं चांगलं दोन बोटं बाहेर.

पन्नास मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, आणि गोळीच 5.6 मिलिमीटरची. तिथे दोन बोटं म्हणजे काय, हे कार्डावर दिसतच होतं. थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात, प्रत्येक पोझिशनला 20 गोळ्या. दर गोळीला बिऱ्हाड मोडायचं आणि पुन्हा मांडायचं, असं मी वर्षानुवर्षं करणार होतो. गालपट्टी फिरवून.

मग तुम्ही माझं बोट धरून रायफलीच्या उजव्या अंगावरच्या खिडकीवर ठेवलंत, जिथून मारलेल्या गोळीची रिकामी केस, म्हणजे पितळी पुंगळी, बाहेर पडते. डावखुऱ्याचा गाल दस्त्याला उजवीकडून टेकतो. म्हणजे ही खिडकी नेमकी माझ्या तोंडाच्या बाजूला. एरवी केस नाकासमोरून जाते, तेवढाच त्रास. पण एखाद्या केसची कड फुटली, तर गरम गॅस आणि पितळेचे कण कुणाच्या बाजूला येणार? विकणाऱ्याने यातलं चकार शब्दाने सांगितलं नव्हतं. दस्ता बदलता येतो, ग्रिप बदलता येते, ॲल्युमिनियमच्या दस्त्यांवर तर बहुतेक सगळंच इकडचं तिकडे करता येतं. ही खिडकी मात्र ॲक्शनमध्येच, म्हणजे बोल्ट बसतो त्या धातूच्या भागातच, कापलेली असते, ती डावीकडे नेता येत नाही. आन्शुट्झसारखे मोजके कारखाने खरी डावी ॲक्शन बनवतात, हे नावही पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकलं.

तुम्ही एकांगी बोलला नाहीत, हेही लिहायला हवं. बायपॉड, म्हणजे रायफलीखाली टेकायचे दोन पाय, लावून मारणारे काही डावखुरे मुद्दाम उजवा बोल्ट घेतात, कारण त्यांचा उजवा हात मोकळा असतो आणि डावा ग्रिपवरून हलवावा लागत नाही. ते त्यांच्यासाठी बरोबर. "तुला स्लिंगमध्ये मारायचंय," एवढंच म्हणालात. एअर रायफलीत हा प्रश्न बराच सौम्य होतो, काही मॉडेलांत लोडिंगचा दांडा बाजू बदलून बसवता येतो, हेही तेव्हाच कळलं.

आणि ताई, तुम्ही मला हंगेरियन नेमबाज कारोली ताकाचची गोष्ट सांगितली नाहीत, त्याचे वेगळे आभार. डावखुरा म्हटलं की प्रत्येकजण ती सांगतो: 1938 मध्ये हातबॉम्बने उजवा हात गेला, डाव्याने शिकला, 1948 आणि 1952 ला ऑलिंपिक सुवर्ण. मोठाच माणूस. पण तो पिस्तूलवाला. पिस्तुलाची मूठ बदलली की बरंचसं काम होतं. रायफल गालाला, खांद्याला, दंडाला, कोपराला, सगळीकडे चिकटते. जिद्दीने बोल्टचा दांडा पलीकडे जात नाही.

पुढचे काही महिने मी तुमचं डोकं खाल्लं. डाव्या रायफली जुन्या बाजारात येतातच कमी, आणि आली की ती जाईल या धास्तीने मी दर वेळी होकार द्यायला निघायचो. एकीची ॲक्शन उजवीच निघाली, वर नुसता डावा दस्ता चढवलेला. ते तुम्ही फोटोवरून ओळखलंत, मी दोन दिवस त्याच फोटोकडे बघत होतो. शेवटी जी मिळाली तिचं लाकूड ओरखड्यांनी भरलेलं. तुम्ही ओरखड्यांकडे ढुंकूनही बघितलं नाहीत. "डोळे मिट, खांद्याला लाव, गाल टेकव, आता उघड," म्हणालात. डायॉप्टरच्या, म्हणजे मागच्या नेमाच्या, भोकात पुढची रिंग मधोमध. गालपट्टी थोडी खाली घेतली, खांद्याला टेकणारी बट प्लेट एक खाच वर. मग तुम्ही टॉर्चने नळीचं तोंड बघितलंत आणि मान हलवलीत. डायॉप्टरसुद्धा डावखुऱ्याचं होतं, गुंड्या डाव्या बाजूला. नेम लावताना क्लिक फिरवायला गालासमोरून हात न्यावा लागत नाही, ही चैन उजव्यांना कळायची नाही.

जॅकेटच्या बाबतीत मी तुमचं ऐकलं नाही, उजवंच घेतलं. खांद्याचं रबर नको त्या खांद्यावर. हसू नका.

परवा मॅटवर स्वतःच गोल काढले. एकट्याने दोन्ही कोपरांभोवती खडू फिरवणं अवघड आहे, दुसरा गोल बटाट्यासारखा झाला. वीस गोळ्या मारल्या. बोल्ट डाव्या हाताशीच, कोपर न उचलता मागे येतो, पुढे जातो. वीस झाल्यावर खाली बघितलं. दोन्ही कोपरं आपापल्या गोलात, डाव्या बाहीला थोडा खडू लागलेला.

नीलिंगमध्ये, गुडघ्यावर बसून मारताना, अजून डावा पाय घोट्याखालच्या रोलवर बधिर होतो आणि गोळ्या खाली जातात. त्यात रायफलीचा दोष नाही, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच लिहून टाकतो. तुमचा खडूचा तुकडा माझ्या किटमध्ये राहिलाय. आता तो परत मिळणार नाही.

तुमचा,
सहाव्या लेनवरचा डावखुरा