आजारपणाने सुटलेली नोकरी ‘राजीनामा’ म्हणून नोंदवली जाऊ नये : कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

माननीय मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांच्या आस्थापना विभागात माझी सगळी नोकरी गेली. हजेरीपट, रजेचे अर्ज, भविष्य निर्वाह निधीचे फॉर्म आणि नोकरी सोडणाऱ्याचा शेवटचा हिशेब हेच माझे रोजचे काम होते. निवृत्तीनंतरही सातपूर, अंबड आणि सिन्नरकडचे ओळखीचे कामगार प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घालून घरी येतात, आणि त्यांचे अर्ज भरून देण्यात माझे रविवार जातात. त्यांपैकी जे कामगार आजारपणामुळे वेळेआधी घरी बसले आहेत, त्यांच्या पिशव्यांत मला एकच कागद पुन्हा पुन्हा सापडतो. तो म्हणजे ‘घरगुती कारणास्तव नोकरीचा राजीनामा देत आहे’ अशा मजकुराची छायाप्रत. कायद्याने अशा कामगाराला जे थोडेफार देऊ केले आहे, त्यातले बरेचसे या दोन ओळींपायी जाते. ही गळती थांबवणे आपल्या खात्याला शक्य आहे, असे वाटल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

एका कामगाराची हकिगत सांगतो. त्यांचे आणि कंपनीचे नाव देत नाही. वय सत्तेचाळीस, प्रेसशॉपमध्ये ऑपरेटर, दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे उपचारांचा मोठा भार हलका झाला, हे कृतज्ञतेने नोंदवतो. परंतु डायलिसिसच्या दिवशी माणूस उभा राहू शकत नाही, आणि प्रेसवर तर आठ तास उभेच राहावे लागते. रजा संपल्यावर त्यांना कार्यालयात बोलावून सांगण्यात आले, ‘भाऊ, राजीनामा लिहून द्या, म्हणजे हिशेब लवकर निघेल.’ त्यांनी तो लिहून दिला. मजकूरही तिथूनच मिळाला होता. हिशेब खरोखरच लवकर निघाला, आणि पीएफच्या नोंदीत नोकरी सोडण्याचे कारण म्हणून साधी ‘सेवासमाप्ती’ आली.

आता पीएफबरोबरच चालणारी कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ (ईपीएस) काय म्हणते ते पाहावे. सामान्य सभासदाला या योजनेत पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. पूर्ण पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळते. पन्नाशीनंतर ती आधी घेता येते, पण जितकी वर्षे आधी घ्यावी तितक्या वर्षांसाठी दरसाल चार टक्क्यांची कपात सोसावी लागते. पन्नाशीच्या आत मात्र काहीच मिळत नाही, हातात फक्त योजना प्रमाणपत्र, म्हणजे पुढे पेन्शन मागताना दाखवायचा सेवेचा दाखला, येतो. याच योजनेच्या परिच्छेद १५मध्ये नोकरीत असताना कायमचे व पूर्ण अपंगत्व आलेल्या सभासदासाठी वेगळी तरतूद आहे. त्याने एका महिन्याची वर्गणी भरली असली तरी तो पात्र ठरतो. दहा वर्षांची अट नाही, पन्नाशीची अट नाही, वयामुळे कपात नाही. अपंगत्व आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ही पेन्शन सुरू होते आणि हयातभर चालते. माझ्याकडे आलेल्या या कामगाराला सत्तेचाळिसाव्या वर्षीच तिचा दावा करता आला असता. आज त्यांच्याकडे योजना प्रमाणपत्र आहे आणि पन्नाशीची वाट पाहणे आहे.

रक्कम काही डोळे दिपवणारी नाही. पेन्शनयोग्य पगाराची मर्यादा सप्टेंबर २०१४पासून १५,००० रुपयांवरच आहे. त्या तारखेनंतर नोकरीला लागून अकरा वर्षे भरलेल्या आणि मर्यादेइतका पगार असलेल्या कामगाराचा हिशेब १५,००० गुणिले ११ भागिले ७०, म्हणजे महिन्याला सुमारे २,३५७ रुपये येतो. किमान पेन्शन १,००० रुपये, तीही २०१४पासून तशीच. वाढीव पेन्शनसाठी निवृत्तांची आंदोलने गेली कित्येक वर्षे चालू आहेत आणि त्यांची मागणी रास्त आहे, पण तो विषय दिल्लीचा. माझे म्हणणे त्याच्याही अलीकडचे आहे. जे २,३५७ रुपये आजच्या नियमांनुसार देय आहेत, ते तरी एका चुकीच्या नोंदीमुळे जाऊ नयेत.

परिच्छेद १५मधील वैद्यकीय तपासणीचा निकष मुद्दाम पाहण्यासारखा आहे. अपंगत्व आले त्या वेळी सभासद जे काम करत होता, त्या कामासाठी तो कायमचा आणि पूर्णपणे अपात्र झाला आहे का, एवढेच तिथे ठरवायचे असते. निकष शहाणपणाचा आहे, कारण तो कामगाराचे शरीर त्याच्या कामाशेजारी ठेवून पाहतो. प्रत्यक्षात मात्र त्याच्याकडे पहिल्यांदा मागितले जाते ते दिव्यांगत्वाचे टक्केवारीचे प्रमाणपत्र. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६मध्ये दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार आहेत. त्यांत पार्किन्सन आहे, सिकलसेल आहे, हिमोफिलिया आहे. मूत्रपिंड निकामी होणे नाही, हृदयविकार नाही, कर्करोगही नाही. त्यामुळे डायलिसिसवरच्या माणसाला निव्वळ त्या आजारासाठी चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळणे शक्यच नसते, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून कोणी तरी खिडकीवरून त्याला परत पाठवते. दोन कायद्यांची दोन मापे आहेत. एकाचे माप दुसऱ्याला लावणे म्हणजे वजनाच्या काट्यावर कापड मोजण्यासारखे आहे, आणि त्यात नुकसान नेहमी गिऱ्हाइकाचेच होते.

ग्रॅच्युइटीची गोष्टही वेगळी नाही. १९७२च्या उपदान प्रदान अधिनियमातली पाच वर्षांच्या सलग सेवेची अट आता त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे, आणि ती बहुतेक कामगारांना पाठ असते. मृत्यू किंवा अपंगत्वामुळे नोकरी संपली तर ही अट लागू होत नाही, हे फार थोड्यांना माहीत असते. अपंगत्वाची तिथली व्याख्याही कामाशी जोडलेली आहे. अपघातापूर्वी किंवा आजारापूर्वी कामगार जे काम करू शकत होता, ते करण्यास तो असमर्थ झाला, तर त्याला त्या कायद्यापुरते अपंगत्व आले. एका जोडणी विभागात काम करणाऱ्या ताईंना चार वर्षांच्या सेवेनंतर पक्षाघात झाला आणि उजवा हात गेला. मूळ वेतन १३,००० रुपये धरले तर पंधरा भागिले सव्वीसच्या सूत्राने (महिना सव्वीस दिवसांचा धरून दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार) वर्षाला ७,५०० म्हणजे चार वर्षांचे ३०,००० रुपये होतात. त्यांनाही ‘पाच वर्षे झाली नाहीत’ असे सांगून राजीनामा लिहून घेण्यात आला होता.

येथे एक शंका आपल्या मनात येईल. ईपीएसची पेन्शन निधीतून जाते, मालकाच्या खिशातून नाही. मग कंपनीने खरे कारण का लिहू नये? माझ्या अनुभवात लबाडीपेक्षा सवय आणि भीती जास्त असते. राजीनामा हा सर्वांत सुटसुटीत कागद. त्याला चौकशी लागत नाही, डॉक्टरचा दाखला लागत नाही, वादाची शक्यता राहत नाही. ‘आजारपण’ असे लिहिले, तर उद्या हा माणूस आजार कामामुळे झाला असे म्हणत नुकसानभरपाईचा दावा लावील, असे सल्लागाराने सांगितलेले असते. फाउंड्रीसारख्या धुळीच्या कामात तसे वाटण्याला कारणही असते. कामगार विमा कायदा, १९४८च्या कलम ७३मध्ये आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढण्यास मनाई केली होती, म्हणूनही ‘तू स्वतः सोड’ हा मार्ग रूढ झाला असावा. शिवाय औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७च्या व्याख्येने दीर्घ आजारपणामुळे संपवलेली सेवा ‘कपात’ (म्हणजे छाटणी) या संज्ञेतून वगळली होती. त्यामुळे त्या कायद्याखाली आजारी कामगाराला छाटणीची भरपाईही मिळत नसे. थोडक्यात, स्वतः सोडले तरी हात रिकामे, काढले तरी फारसे काही मिळत नसे. उरतात ती परिच्छेद १५ची पेन्शन आणि ग्रॅच्युइटी, आणि नेमकी तीच राजीनाम्यात वाहून जातात.

सरकारी आस्थापनांत असे होत नाही, निदान कायद्याने होऊ नये. २०१६च्या अधिनियमाच्या कलम २०(४)नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही. त्याला त्याच वेतनावर दुसरे काम द्यायचे, तसे पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांखेरीज जादा, पद निर्माण करून तेथे ठेवायचे. १९९५च्या जुन्या कायद्यातील अशाच तरतुदीच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली कुणाल सिंग प्रकरणात पाय गमावलेल्या जवानाच्या बाजूने निकाल दिला होता. म्हणजे नाशिक रोडच्या नोट प्रेसमधला, ओझरच्या विमान कारखान्यातला किंवा एसटीच्या आगारातला कर्मचारी या छत्राखाली आहे, आणि त्याच शहरात अंबडच्या खासगी कारखान्यात तसल्याच यंत्रावर उभा राहणारा कामगार बाहेर आहे. खासगी उद्योगावर उद्याच कलम २० लादा, अशी माझी मागणी नाही. बाहेर ठेवलेल्या माणसाच्या वाट्याचे जे आहे ते तरी नीट पोचावे, इतकेच.

कंत्राटी कामगारांचे हाल याहून वाईट आहेत. गोंदे, वाडीवऱ्हे, दिंडोरी आणि सिन्नरच्या कारखान्यांत पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतली मुले मोठ्या संख्येने कंत्राटदाराकडे कामाला आहेत. त्यांच्यापैकी कोणी आजारी पडला तर तो राजीनामाही देत नाही. गावी निघून जातो. दोन-तीन महिन्यांनी कंत्राटदार त्याचे नाव कमी करतो आणि संगणकावर समोर दिसेल तो पर्याय निवडतो. ‘कायमचे अपंगत्व’ हाही पर्याय त्या यादीत आहे, पण तो निवडण्यासाठी गावी गेलेल्या मुलाचे काय झाले याची चौकशी करावी लागेल. पुढे त्या मुलाला कोणी सांगितलेच, तर तोवर कंत्राट बदललेले असते, कंत्राटदाराचा फोन लागत नाही, आणि मूळ कंपनी ‘तो आमचा माणूस नव्हता’ असे म्हणते. हक्क बुडण्याची ही रीत इतकी शांत आहे की कोणाची तक्रारही येत नाही. आपल्या खात्याकडे अशा तक्रारींची संख्या कमी असेल, तर कृपया त्यावरून प्रश्न लहान आहे असा निष्कर्ष काढू नये.

यानंतर उरते ती संजय गांधी निराधार अनुदान योजना. ती आपल्या खात्याची नाही, म्हणून लांबवत नाही. दुर्धर आजाराच्या रुग्णालाही तिचा आधार आहे. पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. महिन्याला १,७५० रुपये. नवरा घरी बसल्यावर जी बाई चार घरी पोळ्या करायला जाते, तिच्या मिळकतीनेच ती मर्यादा ओलांडली जाते.

जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चारही श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाल्या आहेत आणि त्यांखाली नियम करण्याचा अधिकार राज्यालाही आहे. म्हणून आपणाकडे मागणी अशी की, वैद्यकीय रजेवर असलेल्या किंवा तशा रजेवरून नुकत्याच परतलेल्या कामगाराचा राजीनामा, त्याला त्याच्या हक्कांचा एक पानी मराठी मजकूर देऊन त्याची पोच घेतल्याशिवाय स्वीकारला जाऊ नये, असा नियम करावा. तोवर कामगार आयुक्तांच्या परिपत्रकानेही काम भागेल. त्या पानावर परिच्छेद १५ आणि ग्रॅच्युइटीची सूट एवढे दोनच विषय साध्या भाषेत असले तरी पुष्कळ आहे. राजीनाम्याच्या नमुन्यात ‘प्रकृतीच्या कारणाने’ असा रकाना असावा आणि त्यावर खूण झाल्यास पीएफच्या नोंदीत सेवासमाप्ती टाकण्यापूर्वी वैद्यकीय तपासणीसाठी पाठवण्याची जबाबदारी मालकावर असावी. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत ती मूळ मालकावर असावी. पीएफच्या खर्चाचा आणि वर्गणीचा अंतिम भार त्याच्यावर असतोच, तेव्हा हे काही नवे ओझे नाही.

तपासणीबाबत आरोग्य खात्याशी बोलणे करून जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळाला असा दाखल्याचा नमुना द्यावा, ज्यात टक्केवारीऐवजी कामगार कोणते काम करत होता आणि ते तो का करू शकत नाही हे लिहिले जाईल, आणि तो एकच दाखला पेन्शन व ग्रॅच्युइटी या दोन्हींसाठी चालेल. खोट्या दाव्यांची भीती दाखवली जाईल. पण तपासणी डॉक्टरांचीच असणार, आणि डायलिसिसच्या नोंदी रुग्णालयात तारखेनिशी असतात.

आधीच राजीनामे देऊन बसलेल्यांसाठी राज्य सरकारने पीएफचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय विश्वस्त मंडळाकडे शिफारस करावी, अशीही विनंती आहे. नोकरी सोडण्याच्या तारखेपूर्वीच आजार सुरू झाला होता हे रुग्णालयाच्या कागदांवरून सिद्ध होत असेल, तर नोंदीतील कारण दुरुस्त करण्याची संधी मिळावी आणि त्यासाठी मालकाची किंवा गायब झालेल्या कंत्राटदाराची सही सक्तीची नसावी. अशा कागदपत्रांचे काही संच, संबंधितांची संमती घेऊन, मी आपल्या कार्यालयाला देऊ शकेन. आपल्या खात्याच्या नाशिकमधील अधिकाऱ्यांनी वेळ दिल्यास ते घेऊन मी त्यांच्याकडे येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त आस्थापना कर्मचारी,
सिडको, नाशिक