अकाली मृत्यूनंतर भावंडांचीही तपासणी हवी

महोदय,

माळरानावरचे लांडगे टिपणाऱ्या आमच्या छायाचित्रकार मित्रावरचा स्मृतिलेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. कडबनवाडीच्या गवतात पालथा पडून, लेन्सखाली वाळूची पिशवी सरकवून तासन् तास वाट पाहणारा तो माणूस लेखात नेमका उतरला आहे. एक गोष्ट मात्र राहून गेली, आणि माझ्या मते ती त्याच्या छायाचित्रांइतकीच मोलाची आहे.

त्याने चाळिशीही गाठली नव्हती. अधूनमधून धडधड व्हायची. एकदा चढावर भोवळ आली, तर ऊन लागले म्हणून सगळ्यांनी त्याला लिंबू सरबत पाजले. तो अचानक गेला तेव्हा घरचे शवविच्छेदनाला तयार नव्हते. बहिणीने हट्ट धरला. रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या, पण हृदयाच्या उजव्या बाजूच्या स्नायूची जागा चरबीने आणि व्रणासारख्या तंतूंनी घेतली होती. एआरव्हीसी नावाचा हा आनुवंशिक विकार. स्नायूपेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारी प्रथिने यात बहुधा सदोष असतात. ताण पडत राहिला की पेशी सुटत, मरत जातात आणि जीवघेणे अनियमित ठोके सुरू होतात. जड कॅमेरे घेऊन डोंगर तुडवणाऱ्याला हा आजार असणे म्हणजे दुहेरी संकट.

आई किंवा वडिलांकडे दोष असेल, तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता साधारण 50 टक्के. बहिणीची तपासणी झाली, तिच्यातही तो निघाला. आज तिच्या गळ्याच्या हाडाखाली, ठोके बिघडलेच तर विजेचा झटका देणारे यंत्र आहे. कुटुंबाने रक्ताचे नमुने आणि त्याचे सगळे अहवाल संशोधनासाठी देऊन टाकले.

अशा नमुन्यांतून काय निघते? हृदयाच्या स्नायूचा वेगळा आजार जडवू शकणारा, ‘एमवायबीपीसी 3’ या जनुकातला डीएनएची 25 अक्षरे गळालेला बदल आधी मोजक्या भारतीय कुटुंबांत सापडला. पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांसह झालेल्या संशोधनातून 2009 मध्ये कळले, की तो भारतीय उपखंडातल्या सुमारे 4 टक्के लोकांत आहे. त्यातले सगळे आजारी पडत नाहीत, हेही खरे. इटलीच्या व्हेनेतो प्रांताचे उदाहरण तर बोलके आहे. तिथे 1982 पासून खेळाडूंची ईसीजीसह तपासणी सक्तीची झाली आणि तरुण खेळाडूंमधील अचानक मृत्यूंचे प्रमाण वर्षाला लाखामागे 3.6 वरून 2004 पर्यंत 0.4 वर आले.

आपल्याकडे सक्तीचे जमेल तेव्हा जमेल. पण तरुण माणूस असा गेला, तर डॉक्टरांनी भावंडांना आणि मुलांना ईसीजी, इको करून घ्यायला आपणहून सांगावे. ट्रेक नेणाऱ्या संस्था अर्जात रक्तगट विचारतात. ‘कुटुंबात पन्नाशीच्या आत कोणी अचानक गेले आहे का?’ हा एक रकाना त्याखाली घालायला खर्च शून्य.

– एक वाचक, बारामती