पेट्यांचं काय करू

प्रिय बाळ्या,

चार महिन्यांत तुझे तीन मेसेज आले आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. रागावला असशील तर बरोबर आहे तुझं. तब्येत ठीक, शुगर आटोक्यात, आप्पांचे गुडघे तसेच.

फोटो स्टुडिओ बंद केला रे. पाडव्याच्या आदल्या दिवशी बोर्ड उतरवला आणि आता इथेच शहाद्यात एका चष्म्याच्या दुकानात जातो, त्रेपन्नाव्या वर्षी. मालक आपल्या पोरांच्या वयाचा. मी त्याला सर म्हणतो, तो मला काका म्हणतो, पण शिकवतो जीव लावून. पहिल्या आठवड्यात लेन्सोमीटरला डोळा लावला, आत हिरव्या रेघा धूसर दिसतात, चाक फिरवत फिरवत त्या धारदार करायच्या की लेन्सचा नंबर कळतो, आणि डार्करूममध्ये निगेटिव्हवरून फोटो मोठा करायच्या एन्लार्जरवर फोकस करायचो ना अगदी तसंच रे, हाताला आपोआप कळलं कुठे थांबायचं. घरी येऊन हिला सांगितलं तर ती नुसतं बरं म्हणाली. तुला मात्र कळेल म्हणून लिहितोय.

टेंभलीला आपण दोघं गेलो होतो आठवतं? 29 सप्टेंबर 2010, देशातलं पहिलं आधार कार्ड, पंतप्रधान आलेले, मी गर्दीचे फोटो काढत होतो आणि तू भज्यांच्या गाडीवर. आधारचा फोटो तिथल्या तिथे काढून घेतात हे त्या दिवशी बघूनसुद्धा मला काही जाणवलं नाही. आपल्या दुकानाचं भाडं पासपोर्ट साइजवर निघायचं भो, दहावीचे फॉर्म, बँक, रेशन कार्ड, आणि मग एकेका ऑफिसने स्वतःचाच कॅमेरा लावला. बाकी मोबाइलने नेलं. 2004 ला तू डिजिटल घे म्हणालास, मी तुला आमच्या धंद्यात नाक खुपसू नको म्हटलं, दोन वर्षं आपण बोललो नाही. तू बरोबर होतास. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

पण झोप उडालीये ती पेट्यांमुळे. आप्पांनी 1974 पासून पाकिटावर नंबर टाकून ठेवलेल्या निगेटिव्ह, अकरा पत्र्याच्या पेट्या. उटीची इंदू फिल्म, ओर्वो, कोडॅक, सगळं आहे त्यात. गाळा महिनाअखेर सोडायचाय, घरात जागा नाही. भंगारवाला येऊन गेला, चांदीसाठी किलोवर घेतो म्हणाला. फोटो धुवायच्या वापरलेल्या औषधातल्या, हायपोतल्या, चांदीचे पैसे आपण घ्यायचोच की, कॅन तूच उचलायचास, तेव्हा कधी काही वाटलं नाही. पण हे चेहरे आहेत रे. अर्धी माणसं गेली, पोरं पुण्या-सुरतला, घरं बदलली, कुणाला विचारू तुमच्या आजीची निगेटिव्ह हवी का म्हणून? आणि न विचारता किलोवर देऊ? आप्पा म्हणतात देऊन टाक, धंदा संपला. ते हे सांगताना माझ्याकडे बघत नाहीत.

परवा सातवी पेटी उघडली. तुझा स्थळांसाठी काढलेला फोटो निघाला, ज्यातल्या पुटकुळ्या मी पेन्सिलीने रीटच करून घालवल्या होत्या, वहिनींना दाखवू का? त्याच पेटीत पाकीट 2214. काकू तुमच्या ओट्यावर, मांडीवर सूप, डोळे बारीक केलेले. उजेडाला धरली तर केस पांढरे आणि दात काळे, तरी ओळखलं लगेच. तुझ्याकडे त्यांचा तेवढा हसरा फोटो नाहीये, मला माहीत आहे.

ही कुरिअरने नाही पाठवणार. महिना संपायच्या आत ये, दोन दिवस काढून, पेट्या आपण मिळून बघू, तू सांग काय ठेवायचं ते, माझ्याच्याने एकट्याने होत नाहीये.

पिंकीचं ॲडमिशन झालं का? नवीन घराचा ताबा मिळाला की नाही ते पण कळव. आणि येताना तुझा जुना चष्मा आण, डाव्या काडीचा स्क्रू ढिला आहे, फोटोतसुद्धा दिसतो.

तुझा,
नाना