सुतारमामा, माझ्या रेल्वेखालच्या टेबलासाठी मनापासून थँक्यू

मामा, नमस्कार!

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "असू द्या वो ताई, त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. शिवाय मॉडेल रेल्वेचा, म्हणजे घरात खरीखुरी धावणारी छोटी रेल्वे उभी करायचा नाद असलेले दोघं-तिघं मला सारखे विचारतायत की टेबलाला नक्की काय वापरलं, प्लाय का एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) का फोम, तर त्यांचंही काम होईल.

घरी लेआउट, म्हणजे टेबलावर मांडलेली ही सगळी रेल्वे, बघायला येणारे इंजिन बघतात, डबे बघतात, आपलं कोल्हापूर स्टेशन ओळखून खूश होतात, पण टेबलाखाली कुणी बघत नाही. मी मात्र प्रत्येकाला वाकायला लावते. माझी रेल्वे एचओ स्केलची, म्हणजे 1:87, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची, रुळांमधलं अंतर 16.5 मिमी आणि चाकाची कड जेमतेम एक मिलिमीटरची. एवढ्या बारीक कामाला खालची फळी जरा जरी बसली तरी लगेच कळतं, सायडिंगला (बाजूच्या रुळावर) उभा केलेला डबा आपोआप घरंगळत मधे येऊन थांबतो. आमच्याकडे डबा जिथं उभा करू तिथंच उभा राहतो मामा, आणि ते तुमच्यामुळं.

पहिल्याच दिवशी तुम्ही लाकडाचं काही बोललाच नाहीत. मला म्हणालात, "ताई, इथं वाका आणि हात लांब करा," आणि जमिनीवर टाकलेल्या जुन्या दारावर माझं बोट जिथं पोचलं तिथं कानावरची पेन्सिल काढून खूण केली. खूण आली दोन फुटांच्या थोडी पुढं. एचओला 18 इंच रेडियसचं पूर्ण वळण घ्यायचं तर रुंदी 40 इंच तरी लागते, म्हणून टेबल 4 फूट रुंद ठरलेलंच होतं, पण तुमच्या त्या खुणेमुळं ते भिंतीला न चिकटवता मधे उभं करायचं ठरलं, दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे, पलीकडच्या कोपऱ्यात गाडी घसरली तर उचलणार कोण!

मग तुम्ही विचारलंत की पूर आला तर हे वर कसं न्यायचं. आमचं घर शाहूपुरीत, 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत दोन्ही वेळा पाणी आत आलेलं, त्यामुळं हा प्रश्न कोल्हापूरचाच सुतार विचारणार. तिथंच मटेरियलचा निकाल लागला खरं तर. 8 बाय 4 ची 18 मिमी प्लायची शीट साधारण 30 किलोच्या वर जाते, एमडीएफची तर 40 च्या आसपास, आणि आमचा जिना अरुंद. म्हणून 4 बाय 4 चे दोन तुकडे, प्रत्येकाची चौकट वेगळी, मधे बोल्ट, आणि एकेक तुकडा कडेवर उभा करून जिन्यातून दोघांनी सहज न्यावा असा.

एमडीएफ स्वस्त आणि वरून गुळगुळीत, म्हणून मी विचारलं होतं की ते का नको. तुम्ही नुसतं "नको" म्हणाला नाहीत, ह्याचं मला फार कौतुक वाटतं. एमडीएफ, पार्टिकल बोर्ड आणि प्लाय, तिन्हीच्या सारख्या पट्ट्या काढल्यात, दोन विटांवर ठेवल्यात, प्रत्येकीच्या मधोमध रंगाचा भरलेला डबा ठेवलात आणि कडेनं दोरा ताणून आठवडाभर तसंच सोडलंत. डबे काढल्यावर प्लाय वर आलं, जवळजवळ सरळ झालं, एमडीएफला मात्र पोट राहिलं ते राहिलंच आणि पार्टिकल बोर्डला तर जास्तच. वर एमडीएफची कापलेली कड पाण्याच्या बादलीत बुडवून दाखवलीत, दुसऱ्या दिवशी ती फुगून बोटाला लागत होती. आपल्याकडचा पावसाळा बघता ह्यापुढं काही बोलायची गरजच नव्हती.

आता जे विचारतात ना त्यांच्यासाठी मेन गोष्ट. सगळे विचारतात प्लाय किती जाडीचं घेतलं. मामांनी 12 मिमीच घेतलं, वॉटरप्रूफ, पण आडव्या पट्ट्या 16-16 इंचावर दिल्या. मी नंतर हिशोब करून बघितला. सगळीकडे सारखं पसरलेलं वजन धरलं, तर जाडी दुप्पट केल्यावर झोल आठव्या हिश्श्यावर येतो, पण टेकूंमधलं अंतर निम्मं केलं तर थेट सोळाव्या हिश्श्यावर. म्हणजे 16 इंचावर टेकू दिलेलं 12 मिमी प्लाय हे 24 इंचावर टेकू दिलेल्या 18 मिमीपेक्षाही कमी वाकतं आणि वजनाला हलकं पडतं ते वेगळंच. मामांनी कॅल्क्युलेटर हातात न घेता हे सांगितलं होतं, हाताला माहीत असलेलं ज्ञान म्हणतात ते हेच! आणि वजनाचं म्हणाल तर गाडीचं वजन काहीच नसतं, खरं वजन पडतं ते प्लॅस्टरच्या डोंगराचं आणि वाकून काम करताना टेकलेल्या आपल्या कोपराचं.

खालच्या पट्ट्याही साध्या लाकडाच्या नाहीत, 18 मिमी प्लायच्याच 3 इंची पट्ट्या फाडून उभ्या लावल्यात, कारण बाजारातली स्वस्त रीप पहिल्या पावसात पीळ खाते. दोन लांब पट्ट्यांच्या वरच्या कडेला आणखी एक पट्टी आडवी चिकटवून एल आकार केला. परदेशात हौशी लोक ह्याला एल-गर्डर म्हणतात आणि खूप जुनी, नावाजलेली पद्धत आहे, पण मामा ते कुठं वाचून आले नव्हते. त्यात सगळे स्क्रू खालून मारलेत. का, तर पुढं रुळाच्या पॉइंटखाली, म्हणजे जिथं गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथं, मोटर बसवायची वेळ आली आणि नेमकी तिथंच पट्टी आडवी आली तर वरचं काही न उखडता ती सरकवता यावी. तशी वेळ खरंच आली आणि चार स्क्रू सैल करून पट्टी दोन इंच सरकवली, त्या दिवशी तुम्हाला लगेच फोन केलेला आठवतंय ना? वायरींसाठी पट्ट्यांना भोकंसुद्धा जोडणीच्या आधीच पाडून ठेवलेली.

पाय टोकाला न देता कडेपासून दहाएक इंच आत घेतले, म्हणजे मधला झोल आणि बाहेरचा झोल एकमेकांना सांभाळतात. पायाच्या तळाला बोल्ट बसवले, आमच्या शहाबादी फरशीचा उंचसखलपणा पान्यानं फिरवून काढता येतो. तिरक्या पट्ट्यांमुळं टेबल जराही डुगडुगत नाही.

रंगाचा हट्टही तुमचाच. जोडायच्या आधी प्रत्येक तुकड्याला वरून, खालून आणि कडांना प्राइमर, वर ऑइलपेंट. एकाच बाजूला रंग दिला तर दुसरी बाजू दमट हवा पिते आणि फळी वाटीसारखी वळते. सगळे म्हणतात रूळ उन्हानं वाढतात, पण 8 फुटी सलग रूळ 25 डिग्रीच्या फरकानं जेमतेम 1 मिमी वाढतो, खरा त्रास लाकूड ओलावा धरून हलतं त्याचा असतो. जुलैत सगळ्यांच्या घरातली दारं अडकायला लागली तेव्हा आमचे रूळ सरळ होते.

जिथं दोन तुकडे जुळतात तिथं बोल्टच्या जोडीला तुम्ही पितळी खुंट्या बसवल्यात, बोल्ट फक्त आवळतो, जागा खुंटी धरते. रूळ दोन्ही कडांना पितळी स्क्रूवर सोल्डर केले. तुकडे सुटे करून परत जोडले तरी गाडी त्या सांध्यावरून न अडखळता जाते.

पंचगंगेवरचा रुकडीचा पूल करायचा होता तिथं तुम्ही प्लाय कापून चौकट खाली घेतलीत आणि तिथं मी 50 मिमीचा एक्सपीएस फोम (थर्माकोलसारखा, पण घट्ट) बसवला. नदी रुळाच्या खाली असते, सपाट फळीवर नुसता निळा रंग मारून ती होत नाही. फोमला पांढरा फेव्हिकॉल चालतो, वासाचा सोल्युशनवाला गोंद फोम खाऊन टाकतो, हे लक्षात ठेवा. आणि रुळाखाली कॉर्क शीट हवीच, नाहीतर प्लाय हलगीसारखं वाजतं.

मामा, 1891 साली सुरू झालेली मिरज-कोल्हापूर लाईन माझ्या खोलीत आता कोल्हापूरपासून रुकडीपर्यंत आलीय. पुढं हातकणंगले करायचंय, भिंतीकडेनं एक अरुंद तुकडा जोडायचाय. पावसाच्या आधी माप घ्यायला या. मागच्या वेळी खुंट्यांचे पैसेही घेतले नाहीत आणि दोन रविवार तसेच येऊन गेलात, ह्या वेळी मजुरी पूर्ण घ्यायची, सगळ्यांसमोर सांगतेय.

तुमची,
शाहूपुरीतली रेल्वेवाली ताई